निरंक लिहिलेली खाण

माणूस दगडाखाली होता आणि ठेकेदार मला सांगत होता, "आत कोन नाय, काकी. समदी भायेर आली."

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी गावची पोलीस पाटील होते. शाळा चौथीपर्यंत. नवऱ्याच्या मागे ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा तेवढी शाळा चालत होती. हा ठेकेदार माझ्या चुलत दिराचा मुलगा.

खबर कुणी दिली नाही. सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, जांभ्या दगडाचे चिरे कापायचं यंत्र रोज सकाळपासून करकरायचं. त्या दिवशी जेवणाच्या बऱ्याच आधी ते मधेच बंद पडलं. गावात सगळ्यांनी ऐकलं, बोललं कुणी नाही. मी थोडा वेळ ते पुन्हा सुरू व्हायची वाट पाहिली, मग चप्पल घातली आणि चढाव चढले.

ही खाण कागदावर नव्हतीच. त्याआधी काही वर्षं सड्यावर बॉक्साइटसाठी एक कंपनी आली होती. त्यांनी भोकं पाडून माती तपासली, भिंत खचू नये म्हणून खाण पायऱ्यापायऱ्यांनी खणू असं ग्रामसभेत लिहून दिलं. मग सरकारने आमचा पट्टा खाणीला बंद केला. पुढे सवलत निघाली, तिला स्थगिती आली. कंपनीचा साहेब माझ्या पडवीत चहा पिताना म्हणाला, "काकू, नियम कडक असू दे, आम्ही पाळू. पण आज हो, उद्या नाही, अशा ठिकाणी पैसा कोण घालणार?" ते दुसऱ्या राज्यात गेले. चिरेखाणींचे परवानेही थांबले. घरं बांधायची मात्र थांबली नव्हती, चिरा लागतच होता. मग माझा पुतण्या आला. त्याला परवाना नको होता, पायऱ्या नकोत, इंजिनिअर नको.

मी दर महिन्याला ठाण्यात अहवाल द्यायचे. बेकायदा उत्खनन: निरंक, म्हणजे काही नाही. खाण बंद असा सरकारी आदेश होता, म्हणून मी बंद लिहायचे. खरं लिहिलं असतं तर यंत्र जप्त झालं असतं आणि घरोघरी शिव्या खाव्या लागल्या असत्या.

खाणीची एक भिंत खचली होती. चिऱ्याखाली शेडी लागते, पांढरट मऊ माती. ती पोखरली की वरचा दगड खाली बसतो. जुन्या लोकांनी शेडी दिसली की हात आखडला असता.

"माणसं कुठे आहेत?" मी विचारलं.

"उन्हाचं घरी धाडली."

काजूच्या फांदीला पाच डबे लटकत होते. घरी जाणारा माणूस डबा ठेवून जात नाही. मी डबे काढले आणि बागेकडे तोंड करून ओरडले, "या रे, जेवून घ्या! कोण धरणार नाही तुम्हाला."

झाडामागून तीन पुरुष आले. विजापूरकडचे. आपापला डबा उचलून बाजूला बसले, उघडला कुणीच नाही. शेवटी एक बाई आली. तिने दोन उचलले.

"दुसरा कुणाचा गो?"

तिने ठेकेदाराकडे पाहिलं. तो हसला. "तिचाच. लय खाते ती."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तसा अधिकार मला नव्हता.

बाई म्हणाली, "नवरा आत हाय. आवाज येत व्हता, बाई. आता येत नाही."

"किती वेळ झाला?"

"तास झाला. हा बोलला, बोंबललात तर पोलीस समद्यास्नी आत टाकतील."

मी ठाण्यात फोन केला. फौजदार जेसीबी घेऊन आले. दगड हलवायला संध्याकाळ झाली. पंचनाम्यानंतर त्यांनी माझे अहवाल समोर ठेवले.

"पाटीलबाई, यंत्राचा आवाज तुमच्या घरी येत नव्हता?"

"येत होता."

"मग निरंक का?"

"तुमच्या ठाण्यात तरी कुणाला दुसरं काही हवं होतं, साहेब?"

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "हे जबाबात घेऊ?"

"घ्या. आणि आवाज येत होता, तेही घ्या."

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं नाही. नव्हतंच.

नंतर लोक म्हणाले, खाणीच वाईट. दुसरे म्हणाले, सरकारने कंपनी घालवली म्हणून झालं. मला एवढंच कळलं की सरकार आज एक आणि उद्या एक बोललं की कागदाला भिणारा निघून जातो आणि न भिणारा खणत राहतो. त्याला थांबवायला तिथे माझ्यासारखं कुणी असतं, आणि ते निरंक लिहीत असतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी काढला असता तर कदाचित जगला असता. मी चढाव चढण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही वेळ मी अजून मोजते.

त्या दिवशी वाचली ती बाई, तिच्यासोबतचे तिघे, माझा पुतण्या आणि मी. तिचा नवरा वाचला नाही.