काकूंच्या दुकानातली खुर्ची

उस्मानपुऱ्यात माझ्या खोलीखाली एका काकूंचं शिवणकामाचं दुकान आहे. मशीन चालवताना त्या सहसा मान वर करत नसत. पण कुणी म्हातारं माणूस आलं, की उठून दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवरचे कपडे उचलायच्या. "बसा बाबा, गुडघे दुखत असतील."

लहानपणी शिकवणीच्या मास्तरानं त्यांच्यावर अत्याचार केला होता. हे उघड बोलायला त्यांना फार वर्षं लागली. शेवटी त्याचा गुन्हा सिद्ध झाला, तेव्हा शिक्षेच्या सुनावणीला त्या मला सोबत घेऊन गेल्या. "तू कायदा शिकती ना, मला समजून सांग."

मास्तर काठी टेकत आला. त्याला खुर्ची मिळाली. काकू मागं उभ्याच होत्या. त्याचा वकील वयावर आणि आजारांवर बोलत राहिला, आणि शिक्षा कमीच झाली.

बाहेर आल्यावर मी चाचरत म्हणाले, "काकू, गुन्हा घडला तेव्हाचाच कायदा लावावा लागतो. तो सौम्य होता."

"व्हय? मग वय बी तवाचंच धरायचं. तवा लई धडधाकट होता की."



दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले होते. एक आजोबा पायजमा दुरुस्तीला घेऊन आले आणि दाराची चौकट धरून धापा टाकू लागले. काकूंनी मशीन थांबवली नाही. मी उठायला लागले.

"बस तू," त्या म्हणाल्या. "उभं राहू दे."

मी बसले.