कुत्र्यांपर्यंतचं वाचन

सकाळी पोदेर पाव टाकून गेला की पाळी गावची पिएदाद पायरीवर बसून त्या दिवसाचं शास्त्रवाचन वाचायची आणि कुंपणापलीकडच्या कमलाक्षीला त्यातलं सांगायची. सवय जुनी. पण चुलतदीर रुझारनं मामलेदारापुढं दोन खोटे साक्षीदार उभे केले, तिच्या मेलेल्या नवऱ्यानं लावलेली काजूची बाग स्वतःच्या नावावर करून घेतली, तेव्हापासून ती पुस्तकात एकच गोष्ट शोधायची : देव कुणाला कसा बडवतो.

"आज काय आलां गे?" कमलाक्षीनं विचारलं.

"नाबोथची द्राक्षबाग. अहाब राजाला हवी होती. खोटे साक्षीदार आणले, नाबोथला दगडांनी ठेचून मारला, बाग लाटली."

"अगो बाय! ही तर तुझीच काजू!"

"तर! आणि उद्या पुढचा भाग. देव अहाबाला निरोप धाडतो, नाबोथचं रक्त कुत्र्यांनी चाटलं तिथंच तुझंही चाटतील. उद्या कपेलात मीसची प्रार्थना आहे, सगळ्यांपुढं वाचायला मी उभी. दोन महिन्यांपूर्वी पुस्तक चाळून हा मंगळवार मागून घेतलाय."

"पण तुमचा देव माफ करा म्हणतो ना?"

"म्हणतो की. उद्याच म्हणतो, वैऱ्यावर प्रेम करा. पण ते शुभवर्तमान, पाद्रीबाब वाचणार. माझ्या वाट्याला कुत्रे!"

संध्याकाळी तिनं आरशापुढं तालीम केली. कुत्र्यांच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. पुढं काय आहे ते पाहिलंच नाही. कुत्र्यांनंतर आणखी काय हवं?

मंगळवारी रुझार दुसऱ्या बाकावर होता. शेजारी त्याचा मुलगा बोस्को, खाणीवर ट्रक चालवणारा तेवीस वर्षांचा गडी. बाप्तिस्म्याला पिएदादनंच त्याला हातांवर धरलेला, ती त्याची मादरीन, धर्माची आई. भांडणानंतरही गडग्यावरून उडी मारून आला होता, तिचा पंप दुरुस्त करायला. "मादरीन, भांडण पप्पाचं. पाणी तुझं," म्हणाला होता.

पिएदाद वाचू लागली. "...तुझंही रक्त कुत्रे चाटतील!" आणि तिनं मान वर केली. रुझारची मान खाली गेली होती, कान लालबुंद.

वाक. आणखी वाक, मेल्या.

इथं थांबायचं होतं. पण रेघ घरच्या पुस्तिकेत होती, कपेलाच्या मोठ्या ग्रंथात नव्हती, आणि तिला तर भलतीच चव लागलेली. "अहाबानं आपली वस्त्रं फाडली, अंगावर गोणपाट घेतलं..." रड, रड! "तो माझ्यापुढं नमला आहे, म्हणून मी हे अरिष्ट त्याच्या हयातीत आणणार नाही. मी ते त्याच्या..."

पुढचे शब्द डोळ्यांना दिसले आणि ती तिथंच अडली. *मुलाच्या दिवसांत त्याच्या घरावर आणीन.*

मादरीनची ओळ हरवली असं वाटून बोस्कोनं हळूच मान हलवली : वाच गे. रुझारचं डोकं मात्र झटकन वर आलं होतं. बाग घेतल्यापासून त्याला ही ओळ पाठ होती. चेहरा पांढराफटक, हात मुलाच्या मनगटावर. दोन वर्षं पिएदादला हेच भय त्याच्या डोळ्यांत बघायचं होतं. पाच शब्द उच्चारले की झालं.

तिनं बोस्कोकडं पाहिलं.

"हे प्रभूचं वचन," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

"देवाचे उपकार," लोक म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं रुझार.

मीस सुटल्यावर तो पायऱ्यांखाली आडवा आला. "वयनी... शेवटची ओळ राहिली."

"राहिली नाय. गिळली. बोस्कोसाठी."

"वयनी, मी तुझे..."

"हात जोडू नको. कुत्र्यांचं पुरतं वाचलंय मी, एक अक्षर सोडलं नाय. ते तुझंच. पाठ करून ठेव. आणि बागेचं खरं काय ते मामलेदाराला सांगेपर्यंत माझ्या दारात पाय ठेवू नको."

मग ती बोस्कोच्या स्कूटरवर ऐसपैस बसली. "चल रे, घरी सोड मला."

"आणि पप्पा?"

"चढण आहे. चढू दे चालत."