बाईच्या रेडिओची पिन

हे मी बायकोजवळही बोललो नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते माझं मलाच कळत नाही.

मी लाखनीच्या शाळेत मास्तर. सुट्टीत रेडिओ जुळवायचा नाद. माझी मोठी बहीण — आम्ही तिला बाई म्हणतो — कोंढ्याला दिलेली. भाऊजी नाकाडोंगरीकडच्या खाणीत कामाला, महिनोन्‌महिने तिकडेच. घरात ती, सासू आणि लेकरं. तिला सोबत व्हावी म्हणून मी एक सेट बनवून दिला. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालायचा. गावात लाइट आलेली नव्हती.

आता पिनेचं सांगतो. बॅटरीच्या तारेला कोणती पिन लावायची — क्षुल्लकच गोष्ट, नाही का? माझ्या स्वतःच्या सेटसाठी मी नागपूरहून खाचेची पिन आणली होती. ती एकाच बाजूनं बसते, भिंतीतल्या बोर्डात जातच नाही. बाईच्या सेटला मात्र टेबलफॅनची दोन काड्यांची लावली. जवळच्या दुकानात मिळाली म्हणून. ही भिंतीतल्या बोर्डातही बसते, आणि बॅटरीचा सेट घरच्या लाइटवर लावला तर आतून फुटतो. धोका ठाऊक नव्हता? होता — चांगला ठाऊक होता. पण गावात लाइटच कुठे आहे, म्हटलं. पुढे बदलून देऊ.

मग लाइट आली. मी पिन बदलली नाही.

बाईनं तरी काय करावं? बॅटरी उतरलेली, भिंतीत नवा बोर्ड, पिन त्यात नीट बसत होती. तिनं लावली. आवाज का येत नाही म्हणून वाकून पाहिलं, तेवढ्यात आतला कंडेन्सर, बोटाएवढी पत्र्याची नळी, फटाक्यासारखा तोंडावर फुटला. तिचा उजवा डोळा गेला.

दवाखान्यात खाटेजवळ सासू होती, भाऊजी होते. भाऊजींनी मला विचारलं, असं झालं कसं? आणि मी — त्यांना उत्तर न देता बाईकडे वळलो.

"बाई, मी तुले सांगतलं होतं ना, हे भिंतीत लावाचं नाई म्हणून?"

सांगितलं नव्हतं. कधीच नाही. एका शब्दानंही नाही.

तिनं पट्टीबाहेरचा डोळा मिटला. आठवून पाहत असावी. मग हळूच म्हणाली, "सांगतलं असशीन बापा. माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

सासू तिला तिथंच बोलू लागली. मी उभा होतो.

त्यानंतर कितीदा तरी कोंढ्याला गेलो, आज सांगायचंच असं ठरवून. बाई पाय धुवायला पाणी आणून द्यायची, लेकरांची खुशाली विचारायची, आणि माझी जीभ उचलायची नाही. का? भीती कोणाची होती? ती तर रागावलीही नसती — तेच सोसवत नव्हतं का? माहीत नाही.

एकदा जेवताना मी तिच्या थोरल्या मुलाला टोकलं, ओल्या हातानं मोटरीचं बटन दाबत जाऊ नको म्हणून. तो हसला. बाई त्याला वाढता वाढता थांबली.

"मामा सांगते ते आयकत जा," ती म्हणाली. "म्या नाई आयकलं."

पोरानं मान खाली घातली. मी भात कालवत राहिलो.