माझ्या घरचं मीठ

बनारसला रामघाटावरच्या आमच्या घराण्यात मुलगा वेद म्हणायचा, नाहीतर मास्तर व्हायचा. मी विशेश्वरगंजच्या मंडीत मिठाची गादी टाकली. वडील गेले होते आणि घर चालवायचं होतं. वेदशाळेत शिकवणारे काका तेव्हा शांतपणे म्हणाले, "ब्राह्मणानं मीठ विकू नये. शास्त्रात निषेध आहे." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या घरी अन्न घेतलं नाही. त्यांच्याकडच्या वसंतपूजेचं, वेदपठणाच्या त्या सोहळ्याचं आमंत्रण आमच्या सगळ्या बिऱ्हाडांना जायचं, माझं दार तेवढं वगळून.

मी गुजरातेतून माल मागवला. ट्रकवाल्यांशी भांडून भाडी पाडली, दलालांना गादीवरून उठवलं, कुणाच्या शिफारशीवर उभा राहिलो नाही. आज बनारसच्या कितीतरी गल्ल्यांत माझंच मीठ खपतं. तरी काकांचं ते वाक्य सलायचं थांबलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घरच्या केळवणाला आजोबा, म्हणजे काका, जेवलेच पाहिजेत, असा तिचा हट्ट. माझाही जीव त्यातच अडकला होता.

काका आले, पाटावर बसले. पानात पहिलं मीठ वाढतात. ते वाढायला मुद्दाम मीच पुढे झालो. त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि कनवटीची पुडी काढली.

"माझं सैंधव आणलंय."

माझं डोकं सणकलं. "काका, आजच्या दिवशीही? माझ्या मिठात विष आहे का?"

"मिठात नाही रे. धंद्यात आहे."

"विष मिठातही होतंच, आजोबा," मुलगी म्हणाली. "एक नाही, दोन."

शिकवण्याचा सूर कानावर पडला की काकांना राहवत नाही. "कसलं विष?"

"एक सोडियम. इतका मऊ धातू, की सुरीनं कापता येतो. पण रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. गंगेत टाकला तर पाण्यावरच पेटेल. दुसरा क्लोरीन, हिरवट पिवळा वायू. छातीत गेला तर जीव घेईल. दोघांची गाठ पडली की भडका उडतो आणि मागे पांढरं मीठ उरतं. तुमच्या पुडीत हेच दोघं आहेत, बाबांच्या वाटीतही हेच."

"भांडून शांत होतात म्हणायचं," काका म्हणाले.

"देवघेव करून. सोडियमकडे बाहेरच्या कडेला एकच इलेक्ट्रॉन असतो, तो सहज सुटतो. क्लोरीनला नेमका एक कमी असतो. हा देतो, तो घेतो. मग दोघांवर विरुद्ध भार येतो आणि एकमेकांना धरून बसतात."

इतकी वर्षं मीठ विकलं, पण हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "हा चोख सौदा झाला. ज्याला जड झालं त्यानं दिलं, ज्याला कमी होतं त्यानं घेतलं. मध्ये दलालसुद्धा नाही."

"तुला सगळीकडे मंडीच दिसते," काका म्हणाले. "आणि तो विषारी वायू मी, असंच ना?"

"मी बोललो नाही, काका."

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

पंगत हसली. मुलगी हसली नाही. "आजोबा, हे सगळं मी बाबांच्या मिठावर शिकले. आत्ता तुम्ही ते ऐकून घेतलंत. मग मीठ का नको?"

काका म्हणजे जन्मभर विद्या देणारा माणूस, विद्येला नको म्हणणं त्यांना जमेना. पुडी पुन्हा कनवटीला गेली.

"वाढ," ते मला म्हणाले. "पण निषेध आहे तो आहेच, बरं का."

एरवी मी एवढ्यावर सौदा मिटवला नसता. तो शब्द मागे घ्यायला लावला असता. पण मी चिमूटभर मीठ त्यांच्या पानात वाढलं. काका जेवले, वरणात कालवायला आणखी मागून घेतलं आणि उठताना नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

शास्त्र त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या लेकीनं त्यांना माझं मीठ खायला लावलं, हे मी दुसऱ्या दिवशी साऱ्या मंडीला ऐकवलं.