जोडे तंबूबाहेर

आधी उस्तादांचं सांगतो, मग माझं. ते हिमाचलातल्या लाहौलकडचे, पन्नाशीचे, अंगाने बुटके आणि बोलायला कमी. बर्फावर चढायला शिकवणाऱ्याला तिकडे उस्ताद म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचो. माझ्या पायांची दहाही बोटं आज जागेवर आहेत ती त्यांच्यामुळे. पुढे जे लिहितोय त्यात चूक माझी आहे आणि उपकार त्यांचे.

मी टोकावड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला. आठवीनंतर शाळा सुटली. काका कड्यावरून मधाची पोळी काढायला उतरायचा, त्याचा दोर धरायला लागलो. पुढे मुंबई-ठाण्याचे ट्रेकवाले आमच्याकडचे सुळके चढायला यायचे, त्यांचाही दोर धरू लागलो. कातळावर मी अनवाणी चढतो. पायाला आधी कळतं, डोक्याला मागून. त्याच ट्रेकवाल्यांनी हिमालयातली मोहीम ठरवली. शिखर सहा हजार मीटरच्या वरचं, आणि शेवटचा टप्पा म्हणजे उभी बर्फाची भिंत. त्यांच्यातल्या एकाचा गुडघा ऐनवेळी दुखावला आणि त्याने आपली जागा मला दिली.

मुरबाडच्या स्टँडवर आई आणि काका सोडायला आले होते.

"तिथं भात तरी देतील ना रे?"

"देतील गो."

"आनि पडलास तं?"

"दोर आसतो ना."

"दोर तं ह्याचा पन होता," आई म्हणाली. काका शेजारी लंगडा पाय सांभाळत उभा होता. तो म्हणाला, "माजा दोर बरा होता. धरनारा झोपला होता." तो धरणारा मीच. आम्ही तिघंही हसलो, पण एस्टीत बसल्यावर मला ते हसू काही जमेना.

मोहिमेत ते सहा जण आणि मी सातवा. माणसं चांगली होती, कोणी मला कमी लेखलं नाही. पण त्यांचं निम्मं बोलणं इंग्रजीत, आणि त्यांचे विनोद कॉलेजातले. सगळे हसले की मी थोडा मागून हसायचो. दहा दिवस कोणाच्या तोंडून 'नाय' ऐकलं नाही. ओढ्यावर पाणी भरायला गेलो की मी आमच्या बोलीत दगडांशी बोलायचो, "काय रे, बरा हायेस?" मग इकडेतिकडे बघायचो, कोणी ऐकलं तर नाही ना. फोनला रेंज नव्हती. वरून मनात एकच धाकधूक. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ज्याची तब्येत किंवा हातपाय साथ देणार नाहीत तो खाली जाणार. मला खाली जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या जागेवर आलेला माणूस अर्ध्यातून परत कसा जाणार?

बर्फातले बूट दुहेरी असतात. बाहेर कडक कवच, आत लोकरी मोज्यासारखा जाड इनर. उस्तादांचा नियम होता की इनर झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. मला नियम कळला होता, पण मन घेईना. पायातलं काढून अंथरुणात? आणि तंबूत उशाशी बिस्किटं, चिवडा, पाण्याची बाटली. आमच्याकडे पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. माझा तंबूतला जोडीदार डोंबिवलीचा. तो बूट आत घेऊन त्याच्यावर टॉर्च ठेवायचा, आणि मी मनात म्हणायचो, शिकलेली माणसं, पण काय ही तऱ्हा. माझे बूट मी बाहेर, तंबूच्या पडद्याखाली, नीट जोडीने ठेवायचो. त्याने एकदा बघितलं.

"अरे, देऊळ आहे का हे?"

"सवय आहे ओ," मी म्हणालो. विषय तिथेच संपला. खालच्या तळावर त्याने काही बिघडलंही नाही.

वरच्या तळावर बिघडलं. पहाटे निघायच्या वेळी बघतो तर पडदा वाऱ्याने उलटलेला, बुटांत बर्फाचा भुगा, आणि घामाने ओले झालेले इनर लाकडासारखे कडक. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर नियम मोडल्याचं सांगावं लागणार, आणि मग खाली. पाय दाबून आत कोंबले आणि रांगेत उभा राहिलो.

भिंतीशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. उस्ताद एकेकाच्या पायाकडे बघत आले.

"उंगलियाँ हिल रही हैं?"

"हिल रही हैं, उस्ताद."

नव्हती हलत. काही कळतच नव्हतं. बुटाखाली बांधलेल्या काट्यांची टोकं बर्फात मारायची आणि त्यावर उभं राहायचं, एवढंच काम होतं. पण काटा रुतला की नाही ते पाय सांगेना. तिसऱ्या की चौथ्या पावलाला घसरलो आणि दोरावर लटकलो. उस्ताद बाजूने उतरले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बाकीच्यांना दुसऱ्या वाटाड्याबरोबर वर पाठवलं आणि मला दोराला बांधून तळाकडे फिरले.

तंबूत त्यांनी माझे बूट काढले. बोटं मेणासारखी पांढरी होती. त्यांनी स्वतःचं जॅकेट उघडलं, आतला शर्ट वर केला आणि माझे दोन्ही पाय पोटाला लावून घेतले. मी पाय ओढले. बापाच्या वयाचा माणूस, त्याला पाय लावायचे?

"पैर नहीं, उस्ताद. पाप लगेगा."

"पाप बाद में देखेंगे. पहले उंगली."

गार पाय लागल्यावर त्यांचं अंग शहारलं, पण पकड सुटली नाही. कितीतरी वेळाने बोटांत आग सुरू झाली. मी रडलो, दुखलं म्हणून आणि त्यांना खोटं सांगितलं म्हणूनही. जोड्यांची गोष्ट मी तेव्हा सांगितली. ते एवढंच म्हणाले, "मेरी माँ भी जूता अंदर नहीं आने देती."

दुपारी बाकीचे शिखर करून आले. त्यांनी मला मिठ्या मारल्या. मी त्यांच्या फोनवर वरचे फोटो बघितले.

खाली आल्यावर मोहिमेच्या स्वयंपाक्याने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. उस्ताद त्या शिखरावर कधीच पोचलेले नाहीत. आधी दोन वेळा हवामानाने परत फिरवलं होतं. या वेळी हवा स्वच्छ होती, आणि त्यांना परत फिरवलं ते मी.

आता सगळे घरी गेलेत. डॉक्टरांनी इतक्यात चालू नकोस म्हटलं, म्हणून मी डोंगराखालच्या गावात एका खोलीत एकटा आहे. उस्ताद दुसरी टोळी घेऊन वर गेले. निघताना मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी खांदा धरून उभं केलं.

इथली माणसं बर्फावरचं काम शिकवतात. बोटं बरी झाली की मी शिकणार आहे, मग त्याला कितीही हंगाम लागोत. उस्ताद, तुमच्या त्या शिखरावर तुम्ही ज्या वर्षी पुन्हा जाल, त्या वर्षी तुमचं ओझं मी वाहीन आणि तुमचा दोर जागा राहून धरीन. मला वर येता नाही आलं तरी चालेल. तुम्हाला मी वर पोचवीन.