फाईलीत नाव नव्हतं म्हणून

मित्रांनो, आज आमच्या सिल्वासाच्या कंपनीत माझ्यामुळे एका बाईला गेटबाहेर काढलं.

सुरंगी गावच्या सविताताईचा लेबल छापायच्या कॉम्प्युटरवर पहिलाच दिवस. त्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमवर सगळ्यांची खाती एकाच फाईलीत लिहायची असतात, आयटीच्या सरांनी मला शिकवलंय. पण घाईत मी फाईल सोडली आणि नुसती कमांड मारून तिचं खातं उघडलं. सकाळभर चाललं. जेवणानंतर सरांनी फाईल नव्याने लागू केली. फाईलीत नाव नव्हतं म्हणून तिचं खातं उडालं.

सुपरवायझर कॉम्प्युटरवर बघून तिला म्हणाला, "इथं तर तुझं नावच नाही. खोटं बोलून घुसलीस काय?"

"साहेब, सकाळी मीच लेबलं छापली ना."

त्यानं ऐकलं नाही, तिला गेटबाहेर काढलं.

कळल्यावर मी त्याला सांगितलं, चूक माझी आहे. फाईलीत तिचं नाव लिहिलं, गेटवरून तिला परत आणलं, माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, तुमचं जाऊ दे. सगळ्यांसमोर मला खोटी त्यांनी म्हटलं."

सुपरवायझर तिला एवढंच म्हणाला, "चल, कामाला लाग."

तुमच्या कंपनीत साहेब लोक माफी मागतात का?