नमुना क्रमांक सतरा

त्र्याऐंशी सालच्या थंडीतली सकाळ. हरसूलच्या धोंडाबाईंनी तव्यावर नागलीची भाकरी टाकली होती. पाच महिन्यांची गरोदर सून सुला शेळ्यांखालचा पाला झाडत होती. तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात नाशिकचे जनावरांचे डॉक्टर वाघचौरे, हातात बाटल्यांची तीच पत्र्याची पेटी.

दोन वर्षांपूर्वी याच पेटीतून धोंडाबाईंचं रक्त गेलं होतं, त्यांच्या शेळ्यांचंही. त्या साली गावातल्या शेळ्या दिवस भरायच्या आतच एकामागून एक गाभडत होत्या, आणि अडलेली शेळी सोडवावी ती धोंडाबाईंनीच. उघड्या हातानं पिल्लू ओढायचं, त्याच्या नाकातोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकायचा, मग फुंकर घालायची. मेलेलं पिल्लूही त्यांच्या हातात एकदा हलतं, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्यांना आवडे. पुढे ताप मागे लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे गोधडी घामानं भिजायची. दवाखान्यात दर खेपेला हिवतापाच्या गोळ्या. सांधे आखडून आता बोटं मिटत नव्हती, म्हणून ते काम सुलाकडे आलं होतं.

"मावशी, पुन्हा थोडं रक्त लागेल," डॉक्टर म्हणाले. "या वेळी सूनबाईंचंही."

"आधीच्या रक्ताचं काय झालं?"

"अहवाल छापून आला ना." त्यांनी पेटीतून पुस्तिका काढली.

"वाचा."

"इंग्रजीत आहे, मावशी."

"मंग मराठीत वाचा. एवढं शिकलात ते काय बाटल्या उचलायला?"

सुला तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर ओळीवरून बोट फिरवत सांगू लागले. गाभडण्याचा हा आजार शेळीकडून माणसाला होतो. गाभडलेलं पिल्लू, त्याच्यामागून पडणारी वार, कच्चं दूध, यांतून. ताप हिवतापासारखा दिसतो, पण औषध वेगळं. वार उघड्या हातानं उचलू नये, चुना टाकून पुरावी. मग ते अडखळले. "नमुना क्रमांक सतरा म्हणजे तुम्ही. तुमच्या रक्तात आजार निघाला होता."

"कवा कळलं?"

"वर्ष झालं. मागच्या साली, दिवाळीच्या सुमारास."

तव्यावरची भाकरी करपली. धोंडाबाईंनी ती उलटलीसुद्धा नाही.

"वर कळवलं होतं आम्ही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "गावात सांगायचं काम दुसऱ्या खात्याचं. शिवाय लोक उगाच घाबरले असते."

"घाबरले असते तर हात तरी धुतले असते." त्यांचा आवाज चढला नाही, पण सुलाच्या हातातला खराटा थांबला. "रक्त काढायला माझं घर बरोबर सापडलं तुमाला. सांगायला नाय सापडलं? वरीसभर मी नको त्या गोळ्या गिळते. परवा शेळी गाभडली, तिची वार या पोरीनं उचलली. मी उचलायला लावली. कसं धरायचं तेबी मीच शिकवलं. अन् तुमच्या पुस्तकात सगळं लिवलेलं."

डॉक्टरांनी पुस्तिका मिटली. "चुकलंच, मावशी."

"आत्या, मला काय झालं असंल का?" सुलानं विचारलं.

धोंडाबाईंनी तिच्या हातातून खराटा काढून घेतला, साबण दिला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि तिला डॉक्टरांसमोर आणून बसवलं.

"घ्या तिचं रक्त," त्या म्हणाल्या. "त्यात काय निघंल, ते आठ दिवसांत इथं येऊन आमाला मराठीत सांगा."